ह्यूच्या घरची माणसं

२० मार्च २०११, रविवार. उरायासु, जपान

भूकंपाला नऊ दिवस झाले तरी नळाला पाणी नाही. मैलापाण्याच्या लायनी जमिनीखाली फुटल्यात, त्यामुळे कोपऱ्यावरच्या बागेत मांडलेल्या तात्पुरत्या संडासांसमोर सगळी गल्ली रांगेत उभी असते, आणि रांगेतसुद्धा एकमेकांना वाकून नमस्कार चालतात. रस्त्यावर जमिनीतून वर आलेला राखाडी चिखल वाळून त्याची धूळ झाली आहे. भाकरीच्या पिठासारखी बारीक. दातांत येते.

आमचं भाड्याचं दुमजली घर खाडीच्या बाजूला कललं आहे. डोळ्यांना कळत नाही, पण आमच्या लेकीने, पूर्वीने, बैठकीच्या एका टोकाला गोटी ठेवली की ती आपली आपण चालायला लागते. मला दिवसभर गरगरतं. ह्यू परवा जिन्यात घसरला, काल दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. टीव्हीवर डॉक्टर सांगत होते, कललेल्या घरात राहिलं की तोल जातो, झोप उडते, माणसं चिडचिडी होतात. आमच्याकडे तिन्ही आहेत.

आई रोज पुण्याहून फोन करते. "पोरीला घेऊन निघून ये. नवऱ्याला यायचं तर येईल." माझी लॅब बंद आहे, ह्यूच्या विद्यापीठाचं सत्र पुढे ढकललंय. हातात काही काम नाही म्हणून ही वही काढली.

२४ मार्च, गुरुवार

दुपारी घरच्या फोनवर एक म्हाताऱ्या बाईंचा आवाज. "मी नेस्टा. ह्यूच्या वडिलांची बहीण." टीव्हीवर लाटा बघून त्यांनी ह्यूच्या विद्यापीठात फोन लावला आणि तिथल्या कुणा भल्या बाईकडून आमचा नंबर मिळवला.

मी चाटच पडले. दहा वर्षांच्या संसारात ह्यूने मला त्याच्या घरच्यांबद्दल चार वाक्यं सांगितली आहेत. उत्तर वेल्समधलं पाटीच्या दगडाच्या खाणींचं गाव. वडील खाणीत गेले. आई नंतर आजाराने. मोठा भाऊ आयवर चोविसाव्या वर्षी मोटारसायकलवर. मागे कोणी नाही. मग ही आत्या कुठून आली?

"तो बरा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो, कुणालाच काही लागलं नाही."

"हात बरे आहेत ना त्याचे?"

मला वाटलं, काचा-बिचा फुटल्या असतील म्हणून विचारतायत. म्हटलं, हात अगदी ठणठणीत आहेत. मग त्यांनी विचारलं, "आणि चिडतो का फार?"

"भूकंपानंतर इथे सगळेच चिडतात, आत्या."

"हं. तसं असेल." मग त्यांनी माझं नाव दोनदा म्हणून पाहिलं, व्रिंडा, व्रिंडा.

ह्यू घरी आल्यावर सांगितलं तर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तिला नंबर दिला कोणी?" एवढंच. पाण्याचे दोन कॅन उचलले आणि टँकरच्या रांगेत गेला. परत आला तो एकच कॅन घेऊन. दुसरा हातातून सुटला म्हणे, फुटला.

१० एप्रिल, रविवार

लेकीची एदोगावातली शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात प्रकल्प: आपलं घराणं. माझ्या बाजूचं काम सोपं. काकांनी आठ पिढ्यांची वंशावळ लॅमिनेट करून ठेवलेली आहे, तिचा फोटो मागवला. ह्यूची बाजू कोरी.

"टाड, तुझे आजोबा काय करायचे?" पूर्वी त्याला टाड म्हणते. वेल्श भाषेत बाबा. त्याच्या भाषेतला हा एकच शब्द त्याने आमच्या घरात येऊ दिला आहे.

"दगड फोडायचे. दारू प्यायचे. मेले."

"आणि त्यांचे बाबा?"

"तेच."

पूर्वीने निमूट दगड लिहिलं. मला राग आला. आठ वर्षांच्या मुलीला देण्यासारखं हे उत्तर आहे का?

लग्न ठरलं तेव्हा आईने मला फोनवर विचारलं होतं, "त्यांच्या घराण्यात काही वेड-बीड, फिट-बीट नाही ना ग?" मी तिच्यावर केवढी उखडले होते. एकविसावं शतक, पीएचडी झालेली मुलगी, आणि हिला घराणं हवंय. बाबांनी मात्र पुण्यात पहिल्याच चहाला ह्यूला सरळ विचारलं, तुमच्याकडे माणसं कशाने जातात? ह्यू म्हणाला, "खाणीच्या धुळीने आणि बिअरने." बाबा इतके हसले की चहा बशीत सांडला. तिथेच पास झाला तो.

ठरवलं. जुलैत त्याची चाळिशी आहे. तोवर नेस्टाआत्यांना विचारून त्याच्या घराण्याचा मोठा तक्ता करायचा आणि फ्रेम करून द्यायचा. त्याला न सांगता.

८ मे, रविवार

दूध दूर दक्षिणेच्या क्युशूहून आलेलं घेते, पालक बंद, पूर्वीला बाटलीचं पाणी. सुपरमार्केटमध्ये प्रत्येक पाकिटावर गावाचं नाव वाचत बसते. फुटलेल्या अणुभट्टीतला किरणोत्सर्ग दिसत नाही, वास येत नाही, आणि मुलांच्या हाडांत जाऊन बसतो. रसायनशास्त्र शिकलेली असून मला याची आईपेक्षा जास्त भीती वाटते. ह्यू म्हणाला, "वृंदा, तिला जे व्हायचं ते दुधातून होणार नाही." असा कसा बोलतो हा? बापाला काळजी नको?

आत्यांशी आता दर रविवारी स्काइप. ह्यू त्या वेळी पूर्वीला पोहायला नेतो, ते बरं पडतं. आत्या एकोणऐंशीच्या, लग्न केलं नाही, गावातल्या शाळेत शिकवायच्या. फार गोड बोलतात. पणजोबांची बकरी, चॅपलमधली गाण्याची स्पर्धा, पाटीच्या दगडाच्या छपरावरून घसरणारं बर्फ. आयवरला अजून कॉफीपेक्षा चहाच आवडतो, असं मधेच म्हणाल्या. वय झालंय. गेलेल्या माणसांबद्दल अशाच बोलतात, जणू आतल्या खोलीत आहेत. आयवरचा विषय मी मुद्दामच काढत नाही, उगाच त्यांच्या दुःखावर बोट कशाला.

१२ जून, रविवार

आज मी सहज म्हटलं, "ह्यूचे आजोबा फार प्यायचे ना?"

आत्या ताठ झाल्या. "माझे वडील? माझे वडील चॅपलचे पंच होते. आयुष्यात थेंबाला शिवले नाहीत. दारू सोडा म्हणून गावोगाव व्याख्यानं द्यायचे."

"मग ह्यू असं का..."

"लोक म्हणायचे. त्यांच्या चालण्यावरून." त्या चष्मा पुसत राहिल्या. "पुढे पुढे ते नीट चालू शकत नव्हते. चॅपलमध्ये पायरीवर पडले, तेव्हा त्यांचंच व्याख्यान ऐकलेली पोरं हसली. मग त्यांना इस्पितळात ठेवलं. आम्हाला सांगितलं, विश्रांतीसाठी. आई दर महिन्याला एकटी जायची. आम्ही मुलं कधीच नाही. ते परत आलेच नाहीत."

आणखी एक. ह्यूचे वडील खाणीत कधी उतरलेच नव्हते. शाळेची बस चालवायचे. एका दुपारी मुलांना सोडलं, बस जागेवर लावली, मग स्वतःची गाडी काढली आणि ती तळ्यात गेली.

"अपघात?"

"पोलिसांनी तसं लिहिलं. भले होते ते."

कॅमेरा बंद केला. तर हे होतं. वडिलांनी आत्महत्या केली आणि पोराने ते खाणीखाली पुरून टाकलं. म्हणून तो असा. एवढी वर्षं एकट्याने हे वागवलं त्याने. तो परत आला तेव्हा मी त्याला नुसतं जवळ घेतलं. त्याचा खांदा हातांखाली सारखा उडत होता. रडतोय की काय असं वाटलं, पण रडत नव्हता.

२४ जुलै, रविवार

वाढदिवस नासला.

तक्ता सुंदर झाला होता. मधोमध ह्यू आणि मी, खाली पूर्वी, वर तिच्याच अक्षरात सगळी नावं. आयवरच्या चौकटीत १९६५ ते १९८९. ह्यू वाचत गेला आणि त्या चौकटीशी थांबला.

"तू आत्याशी बोलतेस."

"ह्यू, मला बाबांचं कळलंय. तळ्याचं. तुझी काही चूक नव्हती त्यात."

"आणखी काय सांगितलं तिने?"

"आणखी काय असणार?"

त्याने फ्रेम पालथी ठेवली. तेवढ्यावर थांबला असता तर ठीक. पण पूर्वी रडवेली होऊन म्हणाली, मी अक्षर चांगलं काढलं होतं, आणि त्याने केकची बशी भिंतीवर फेकली. दहा वर्षांत त्याने आवाजही चढवलेला मी ऐकला नव्हता. नंतर तो फरशीवर बसून काचा वेचत होता, तेव्हा त्याची बोटं पियानो वाजवल्यासारखी आपली आपण चालत होती. धक्का बसल्यावर होतं असं.

विद्यापीठ त्याचा करार सप्टेंबरनंतर वाढवणार नाही. निकालपत्रकांत चुका, दोन तासांना गेलाच नाही. भूकंपाने माणसं अशीही पडतात. मला नागोयाला बॅटऱ्यांच्या संशोधनात जागा मिळते आहे. घेते.

१ ऑक्टोबर, शनिवार. नागोया

नवं घर, सातवा मजला, जमीन सपाट. पूर्वीने गोटी ठेवून पाहिली. हलत नाही. माझं गरगरणं दोन दिवसांत थांबलं.

ह्यू आज पुन्हा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडला.

६ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणतो, कानाचा दोष आहे, जाईल. दिवसभर घरीच असतो. पूर्वीचा डबा तो भरतो, आणि भाताबरोबर कधी दोन लोणची, कधी नुसताच भात. तिने तक्रार केली नाही. मला शेजारणीकडून कळलं, ती येताना कोंबिनीच्या दुकानातून ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, घेऊन खाते.

आईला वाटतं घरी बसवून ठेवल्यामुळे तो बिघडला. मी तिला नैराश्य हा शब्द सांगितला. "ते श्रीमंतांना होतं," आई म्हणाली.

२७ नोव्हेंबर, रविवार

नीट, क्रमाने लिहिते.

ह्यू बाजारात गेला होता. मी स्काइप लावला, पूर्वी शेजारी चित्र काढत बसली होती. आत्यांच्या मागे रोजचं कपाट नव्हतं, फिकट हिरवी भिंत होती. "आज मी आयवरकडे आले आहे," त्या म्हणाल्या. "त्याचा वाढदिवस. इथल्या नर्सने हे यंत्र जोडून दिलं. म्हटलं, तुमची ओळख करून द्यावी."

मला वाटलं, माझं इंग्रजी चुकतंय. "कोणता आयवर?"

"ह्यूचा भाऊ." आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. "त्याने तुला... अग माझ्या मुली, त्याने तुला काय सांगितलंय?"

तेवढ्यात नर्सने कॅमेरा वळवला. पट्ट्यांनी बांधलेल्या मऊ खुर्चीत एक माणूस. हाडं नि डोळे. पण कपाळ ह्यूचं, कान ह्यूचे. त्याचं अंग एक क्षण स्थिर राहत नव्हतं. मान मागे जायची, खांदा उडायचा, आणि मांडीवरची बोटं पियानो वाजवल्यासारखी आपली आपण चालत होती. तो काहीतरी म्हणाला. शब्द नव्हता, नुसता आवाज. आत्या म्हणाल्या, "तो म्हणतोय, हॅलो व्रिंडा."

पूर्वीने चित्रातून डोकं वर काढलं. "टाड मिताई," म्हणाली. टाडसारखा.

मी लॅपटॉप मिटला. ज्याचा सेहेचाळिसावा वाढदिवस होता, त्या माणसाच्या तोंडावर मिटला. मग पूर्वीला शेजारी पाठवलं आणि पुन्हा जोडला, तेव्हा आत्या एकट्या होत्या, कॉरिडॉरमध्ये. त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. हंटिंग्टन. आईबापांपैकी एकाला असला तर मुलाला असण्याची शक्यता अर्धी. चाळिशीच्या आसपास वर येतो. मेंदू हळूहळू जातो. औषध नाही.

"मला नाही," आत्या म्हणाल्या. "माझ्या भावाला होता. मी लग्न केलं नाही, कारण वडिलांचं पाहिलं होतं आणि तेव्हा कळायला मार्ग नव्हता. ह्यूला मी स्वतः सांगितलं, आयवरचं निदान झालं तेव्हा. बावीस वर्षांचा होता. दुसऱ्या वर्षी तो जपानला निघून गेला. मला वाटलं, लग्नाआधी तुला सांगितलं असेल. म्हणून तर मी हातांचं विचारलं."

२८ नोव्हेंबर, सोमवार

पूर्वी शाळेत, मी रजा टाकली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बोललो.

"तुला माहीत होतं."

"अर्धं माहीत होतं. चाचणी केली नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू गेली असतीस."

"ते मला ठरवू द्यायचं होतंस."

"हो," तो म्हणाला. "म्हणूनच नाही सांगितलं."

मी विचारलं, पूर्वी होणार होती तेव्हा? तेव्हा तरी? तो टेबलाची कड धरून बसला, हात हलू नये म्हणून. "तू दारातूनच ओरडत आलीस, पाळी चुकली म्हणून. इतकी खूश होतीस. मी म्हटलं, उद्या सांगू. मग परवा. मग तिचे ठोके ऐकले."

"आणि भावाला मारून टाकलंस."

"तो मोटारसायकलवर पडला होता, ते खरं आहे. तिथून सुरुवात झाली. मला तो तिथेच हवा होता, वृंदा. त्याच्यापुढचा नको होता."

मी त्याला मारलं. खांद्यावर, छातीवर. त्याने अडवलं नाही. दमले तेव्हा त्याने गॅसवर पाणी ठेवलं, आणि मी त्याच्या हातातून भांडं काढून घेतलं, भाजेल म्हणून. तेवढ्या रागातही आधी तेच सुचलं.

१८ डिसेंबर, रविवार

सोडून जायचा विचार केला हे इथे लिहून ठेवते. पुण्याची दोन तिकिटं पाहिली, दोनच. आईला सांगितलं असतं तर तिने "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हटलं नसतं, ती नुसती रडली असती, आणि तेच मला नको होतं. बाबांना कसं सांगू? ते अजून पाहुण्यांना खाणीची धूळ आणि बिअर सांगून हसवतात.

पण पूर्वीला त्याच्यापासून तोडून नेलं तरी जे आहे ते तिच्याबरोबरच विमानात बसणार.

ह्यू म्हणतो, "जा. मी अडवणार नाही." गाडीच्या किल्ल्या मी ऑफिसात ठेवते. त्याने कधी विचारल्या नाहीत. बहुतेक त्याला कळलंय.

२१ जानेवारी २०१२, शनिवार

ह्यूने रक्त दिलं. डॉक्टर बाई शांत, माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, जपानमध्ये हा रोग फार कमी दिसतो, आत्तापर्यंत थोडेच रुग्ण पाहिलेत. मुलीची चाचणी करा म्हटलं तर त्यांनी मान हलवली. ती सज्ञान होईल आणि स्वतः ठरवेल. आईला तो अधिकार नाही.

निघताना म्हणाल्या, "मुलीने विचारलं तर खोटं सांगू नका. थोडंच सांगा, पण खरं. या आजारात मुलं घरातल्या गप्प बसण्यानेच जास्त मोडतात." मी म्हटलं, मी कधीच खोटं बोलणार नाही. ह्यू शेजारी होता. मुद्दाम मोठ्याने म्हटलं.

३ मार्च, शनिवार

आहे.

डॉक्टरांनी कागद आमच्याकडे फिरवला, त्यावर एक आकडा होता. ह्यू "थँक यू" म्हणाला. बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. तो म्हणाला, "वीस वर्षं मी रोज सकाळी हात बघत उठलो. उद्यापासून बघायला नको." मी त्याचा हात धरला. सुटू नये म्हणून घट्ट धरावा लागतो आता.

१० मार्च, शनिवार

आत्यांचा फोन. "मुलीला सांगितलंत का?" म्हटलं, तयारी करते आहे. खरंच करते आहे. वाक्यं पाठ केली: टाडच्या घरातल्या काही माणसांना एक आजार होतो. टाडला तो झाला आहे. तुला होईल की नाही, हे आज कुणालाच माहीत नाही. मोठी झालीस की तुला हवं असेल तर बघता येईल. मराठीत म्हणून पाहिलं, मग जपानीत, कारण ती उत्तर जपानीत देणार. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी छान म्हटलं.

आत्या म्हणाल्या, "आमची आईही म्हणायची, योग्य वेळ आली की सांगेन. ती गेली तेव्हा मी पन्नाशीची होते."

मी ह्यूला अजून माफ केलेलं नाही. करीन की नाही ठाऊक नाही. त्याची सगळी कारणं मला समजतात, पण रोज सकाळी मुलीच्या डोळ्यांत बघून एक माणूस इतकी वर्षं गप्प राहूच कसा शकतो, हे मला कळत नाही.

११ मार्च, रविवार

भूकंपाला वर्ष झालं. पावणेतीनच्या सुमारास सगळा देश एक मिनिट उभा राहिला, आम्हीही टीव्हीसमोर उभे राहिलो. ह्यू खुर्चीची पाठ धरून. मिनिट संपल्यावर तो चहाचं बघायला आत गेला.

पूर्वी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, टाडला आयवरकाकासारखं झालंय ना?"

"हो," मी म्हटलं. नीट निघालं.

"आणि त्यांच्या बाबांना पण होतं."

"हो."

ती स्वतःचे दोन्ही हात समोर धरून बघत होती. तळवे खाली, बोटं पसरून. किती दिवस हे करते आहे कोण जाणे. "वाताशी मो नारु नो?" मलाही होणार?

चारही वाक्यं तोंडात तयार होती. दोन भाषांत.

"नाही," मी म्हटलं. "तुला नाही होणार. डॉक्टरांनी सांगितलंय."

"होंतो?"

"खरंच."

"योकात्ता," पूर्वी म्हणाली. बरं झालं. एकदम सैल झाली, माझ्या मांडीवर पाय टाकले आणि दुसरं चॅनल लावलं.

मी वर पाहिलं तर ह्यू स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. सगळं ऐकलं होतं त्याने. मला वाटलं, हा आता काहीतरी बोलेल, आणि बोलायचा हक्क होता त्याला. तो नुसता बघत राहिला. राग नव्हता, जिंकल्याचा भाव तर नव्हताच. दहा वर्षांत त्याने माझ्याकडे इतक्या ओळखीने कधी पाहिलं नव्हतं.

उद्या सांगेन पूर्वीला. उद्या सोमवार आहे, शाळा आहे. पुढच्या शनिवारी नक्की.